मी इथं नाही असं समजा

सव्वासहा फूट उंची, शंभराच्या पुढचं वजन, चालताना कर्रकर्र वाजणाऱ्या चपला आणि शिंकले की टेबलावरचे कागद उडतील अशी शिंक. असा माणूस तुमच्या खोलीत येतो, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो, स्टूल कण्हतं, आणि तो माणूस दोन्ही हात जोडून म्हणतो, "मी इथं नाही असं समजा."

आता कसं समजायचं, तुम्हीच सांगा.

हे आमचे साळवे सर. प्राध्यापक मधुकर साळवे, राहणार मुकुंदवाडी, स्टेशनच्या पलीकडची गल्ली. शहरातल्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवायचे आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पीएचडी करत होते. विषय असा, की लहान कंपन्यांत नवीन वस्तू जन्माला कशी येते. कोणाला सुचते, कोण ती हाणून पाडतं, कोण पुन्हा उचलतं. तेही पुस्तकातून नाही. कंपनीत बसून, डोळ्यांनी बघून लिहायचं. त्यासाठी त्यांनी नेमकी आमची कंपनी निवडली.

आम्ही चिकलठाण्याला, औद्योगिक वसाहतीत. शेतकऱ्यांचे पाठीवरचे फवारणी पंप बनवतो. मी वैशाली गाडेकर, नवीन मालाची जबाबदारी माझ्याकडं. राहते फुलंब्रीला, रोज स्कूटीवर ये-जा. स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात. लोकांचं काय, एक वाक्य सरळ बोललं तरी त्यांना झोंबतं.

दर बुधवारी साडेदहाला आमची बैठक असते. मालक जाधव साहेब, मी, मोल्डिंगचे फोरमन रफिकभाई, आणि खरेदी-विक्रीची दोन माणसं, जी मुख्यतः मान डोलवायला येतात. पहिल्या बुधवारी सरांनी उभं राहून आम्हाला समजावलं, "मी फक्त बघणार. बोलणार नाही, विचारणार नाही, सुचवणार तर अजिबात नाही. मी एक शब्द जरी बोललो ना, तरी तुमचं काम माझ्यामुळं बदलेल. मग मी जे लिहीन ते तुमचं उरणार नाही. म्हणून मी इथं नाही असं समजा."

जाधव साहेब पैठणकडचे, मोठ्या बागायतदाराच्या घरातले, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. म्हणाले, "बसा की सर. नसलेल्या मानसाला लागतंय काय, एक स्टूल."

आणि सर बसले. दोन वर्षं बसले.

सुरुवातीला मला वाटलं, असतात असे नियम, चार दिवस पाळतील. छे! एकदा मी चष्मा शोधत होते. टेबल पालथं घातलं, कपाट उघडलं, रफिकभाईंवर ओरडले, खरेदीवाल्याच्या बॅगेत बघितलं. दहा मिनिटांनी हात डोक्याला लागला, तर चष्मा तिथंच. मी गर्रकन वळले. "सर, तुम्हाला दिसत होता ना?" सर छताकडं बघत होते. मांडीवरच्या वहीत त्यांचा पेन मात्र चालूच.

दुसऱ्या वेळी तर जिवावरचा प्रसंग. रफिकभाई मांडणीखाली वाकून काही काढत होते आणि वरचा झाकणांचा क्रेट हळूहळू सरकत कडेला आला. सरांना तो समोरून दिसत होता. बोलायचं तर नाही! मग त्यांना असा खोकला आला, असा खोकला आला, की रफिकभाई दचकून दोन पावलं मागं झाले आणि क्रेट धाडकन रिकाम्या जागेत पडला.

"सर, आज तुम बोले," रफिकभाई छातीवर हात ठेवून म्हणाले.

"मी खोकलो," सर म्हणाले. "आणि मी इथं नाही."

रफिकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ये सर हैं कि नहीं हैं, मेरेकू समझताच नै."

चहाचा तर मोठाच घोळ. गेटजवळच्या कमलमावशी बैठकीला चहा आणतात. पहिल्या दिवशी त्यांनी सरांपुढं कप धरला, तर सर म्हणाले, चहा घेतला की जवळीक होते, जवळीक झाली की नजर बदलते. मावशींना यातलं काही कळलं नाही, पण नकार कळला. त्या गेल्या फणकाऱ्यानं. दोन-तीन महिने पाचच कप येत राहिले. मग एका बुधवारी मावशींनी पाच कप टेबलावर ठेवले आणि सहावा, कोणाकडंही न बघता, सरांच्या मागच्या खिडकीत ठेवून निघून गेल्या. बराच वेळ तो कप तसाच. साहेबांचं बोलणं रंगात आलं होतं. थोड्या वेळानं मी बघितलं तर कप रिकामा आणि सर वहीत डोकं खुपसून बसलेले. त्या दिवसापासून सहा कप. त्यावर कधी कोणी बोललं नाही.

हा माणूस घरीही असाच असणार, असा माझा संशय होता. तो रफिकभाईंच्या मुलीच्या लग्नात पक्का झाला. रफिकभाईंनी स्वतः हातात पत्रिका दिली होती म्हणून सर आले. आले ते हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून बसले. वाढणाऱ्या पोरांना वाटलं, आचाऱ्याचा माणूस आहे, पानं मोजतोय. ज्यानं विचारलं त्याला सरांनी हात जोडून आपलं वाक्य ऐकवलं. शेवटी माणूस उपाशी घरी गेला. दुसऱ्या दिवशी रफिकभाईंना हे कळलं तेव्हा ते इतके संतापले की काय सांगू. "मेरे घर की शादी से आदमी भूका गया!" तसेच डबा घेऊन मुकुंदवाडीला गेले, घर शोधलं, आणि बिर्याणी संपेपर्यंत समोर उभे राहिले म्हणे.

आता थोडं माझ्या एका खोडीबद्दल सांगते, कारण पुढं ती लागणार आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं तपासणीला एक साहेब आले होते. आमच्या नोंदींमधली गिचमिड आणि पांढरा रंग फासलेले आकडे बघून त्यांनी आमची पार बिनपाण्यानं केली. तेव्हापासून कंपनीत मी नियम लावला. खोडायचं असेल तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी जबाबदार माणसाची सही. सही नसेल तर ती रेघ मानायची नाही, जुनं तेच कायम. रफिकभाई या नियमाला वैतागलेत. एकदा त्यांनी चुकून सहीशिवाय एक माप खोडलं, तर मी त्यांच्याकडून सगळे तुकडे जुन्याच मापाचे पुन्हा बनवून घेतले. मनातल्या मनात लई शिव्या दिल्या असतील त्यांनी मला. पण त्या दिवशी कोपऱ्यातल्या स्टुलावरून साळवे सरांनी हळूच मान हलवली होती. दोन वर्षांत त्यांनी दिलेला तेवढाच काय तो अभिप्राय.

तर आमचा नवीन पंप. बॅटरीवरचा, हलका, बायकांनाही पाठीवर घेता येईल असा. सगळं जमलं होतं, एक दुखणं सोडून. झाकणातून गळायचं. पाठीवर औषधाचं पाणी उतरणं म्हणजे चेष्टा नाही, अंगाला आग होते, पुरळ येतं, नको नको ते होतं. आम्ही झाकणाचा वायसर जाड केला, तरी गळायचं. आटे घट्ट केले, तर झाकण उघडेना. पुन्हा वायसर बदलला. असे महिने गेले. शेवटी एका वायसरवर गळती थांबली. रफिकभाई भरलेला पंप टेबलावरून पाठीवर घ्यायचे आणि अख्ख्या आवारात फिरून यायचे. पाठ कोरडी ठणठणीत! साहेबांनी पेढे मागवले.

मग शेतावरची चाचणी. ती आमच्याच फुलंब्रीच्या रानात ठेवली. माझ्या मोठ्या जाऊबाई, सुमनताई, कपाशीवर फवारणी त्याच करतात. पंपात नुसतं पाणी भरलं होतं. सर आमच्याबरोबर आले आणि वही घेऊन बांधावर बसले. दुपारी सुमनताईंनी सगळ्यांना भाकरी-ठेचा दिला. सरांपुढं गेल्या, तर यांचं आपलं तेच, मी इथं नाही असं समजा.

सुमनताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "व्हय? मंग हितं बांधावर ठिवते. मुंगळे खातील." भाकरी फडक्यात बांधून ठेवली आणि वळून चालत्या झाल्या. मुंगळ्यांनी फडक्याची घडी घालून ठेवली होती, एवढं मी नंतर बघितलं.

संध्याकाळपर्यंत चार टाक्या मारून झाल्या. सुमनताईंच्या पोलक्यावर मानेखाली ओला डाग होता. मी बघितला. ऊन मी म्हणत होतं, आम्ही सगळेच भिजलेलो. मी माझ्या अहवालात लिहिलं, गळती नाही, घाम. आणि खाली सही ठोकली.

इथून पुढं सरांचं वागणं बिघडलं. त्याच्या पुढच्या बुधवारी बैठक संपली, सगळे उठले, तर सरांची वही टेबलावर उघडी. सर बाहेर. आता त्या वहीचा नियमही पहिल्याच दिवशी ठरला होता, संशोधन संपेपर्यंत ती कोणी वाचायची नाही. मी मान तिरपी करून, पानाकडं न बघता वही बंद केली आणि धावत गेटवर गेले. "सर, वही राहिली तुमची! काळजी करू नका, एक अक्षर वाचलं नाही मी."

सरांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, यांना बरं नाहीये.

दोन दिवसांनी सर, कधी नव्हे ते, शुक्रवारी आले. वही रफिकभाईंच्या मशीनवर उघडी ठेवून पाणी प्यायला गेले. रफिकभाईंनी डोळ्यांवर हात धरून ती मिटवली आणि वर स्वच्छ फडकं झाकलं, तेलाचे डाग पडू नयेत म्हणून. तिसऱ्यांदा तर साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांनी वही तिजोरीत ठेवली आणि सरांना फोन करून सांगितलं, "सर, तुमची अमानत हाय आपल्याकडं. परमेश्वर जरी आला तरी वाचू देनार नाय."

अहो, आम्हाला काय माहीत! दोन वर्षं या माणसानं आम्हाला शिकवलं होतं, आणि आम्ही इतके शहाण्यासारखे शिकलो होतो.

मग तो बुधवार उजाडला. झाकणाच्या सांच्याचं ड्रॉइंग टेबलावर होतं. पोलादाचा सांचा एकदा कापला की संपलं, मग हजारो झाकणं तशीच निघणार. साहेबांची सही झाली. कागद माझ्याकडं आला. मी पेनाचं टोपण काढलं.

कोपऱ्यात स्टूल आपटलं.

"वायसर नाही," आवाज आला. "भोक."

रफिकभाईंनी खरंच खिडकीबाहेर डोकावून पाहिलं, कोण बोललं म्हणून. सर उभे होते. कपाळ घामानं डबडबलेलं, वही छातीशी धरलेली.

मी म्हणाले, "सर, तुम्ही बोललात."

साहेब घाईघाईनं उठले. त्यांना खरोखर काळजी वाटली. "सर, सर, खाली बसा. तुमी हितं नाहीत. दोन वर्षांची मेहनत मातीत जाईल तुमची, गप बसा बरं."

"जाऊ द्या," सर म्हणाले. "पंप आणा. भरून आणा."

रफिकभाईंनी पंप आणला आणि सवयीनं टेबलावर ठेवायला लागले. "टेबलावर नाही," सर म्हणाले. "बांधाला टेबल नसतं. खाली ठेवा." पंप जमिनीवर ठेवला. मग तो सव्वासहा फुटी माणूस, पांढराशुभ्र शर्ट घातलेला, पंपाला पाठ लावून फरशीवर बसला. पट्ट्यांत हात घातले. एक गुडघा टेकला, पुढं वाकला, अगदी कपाळ फरशीला लागेल इतका वाकला, आणि त्या वजनासकट हूं करून उठला. सुमनताई अशाच उठतात. आमच्याकडच्या सगळ्याच बायका अशाच उठतात, भरलेला पंप पाठीवर चढवून द्यायला रानात असतं कोण?

पाणी झाकणाच्या आट्यांतून आलंच नाही. झाकणात हवा आत जायला एक बारीक भोक असतं, तिथून ते बदाबदा आलं. सरांची मान भिजली, शर्ट पाठीला चिकटला, पाण्याचा ओघळ पार पॅन्टपर्यंत. सर तसेच उभे राहिले आणि आमच्याकडं पाठ करून म्हणाले, "हा डाग. मॅडम, हा घाम नाही."

मला तर तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी त्याच रानातून ये-जा करतेय. सुमनताईंना रोज बघते. आणि घाम लिहून मोकळी झाले. मी माझा अहवाल काढला, 'घाम' वर सरळ रेघ मारली, शेजारी सही केली.

सांचा थांबला. हवेचं भोक झाकणातून काढून टाकीच्या मागच्या वरच्या कडेला नेलं, माणूस कितीही पुढं वाकला तरी ते वरच राहतं. एवढंच. पंधरा दिवसांनी सुमनताईंनी तसा नमुन्याचा पंप घेऊन अख्खी कपाशी फवारली आणि पाठ माझ्याकडं करून म्हणाल्या, "घे, हात लावून बघ. कोरडी हाय." आणि लगेच विचारलं, "ते मुंगळ्यावाले सर कुठं हायेत?"

सर कुठं होते? सर येईनासे झाले होते. त्या दिवशी ओल्या शर्टानिशी गेले ते गेलेच. पहिल्या बुधवारी वाटलं, सर्दी झाली असेल. दुसऱ्या बुधवारी फोन लागला नाही. तिसऱ्या बुधवारी बैठक चालू असताना कमलमावशी कप न्यायला आल्या आणि खिडकीतला सहावा चहा, साय धरलेला, तसाच उचलून न्यायला लागल्या. कोणी तरी काही बोलेल म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडं स्कूटी हाय ना? मंग बसलाय काय अशा?"

मी तडक मुकुंदवाडी गाठली. दुसरा मजला, सरांनी दार उघडलं. सवयीनं हात जोडले आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच घरात अर्ध्यावर थांबलं. खोली नीटनेटकी, भिंतभर पुस्तकं, एक टेबल, एक खुर्ची. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. लग्न केलेलं नाही, भाऊ पैठणला, येणं-जाणं दिवाळीपुरतं. चहा केला तो एकाच कपात, कारण कप एकच. तोही मलाच.

"संशोधन संपलं," सर म्हणाले. "मी बोललो. मी बोलल्यावर तुम्ही सांचा बदललात. म्हणजे आता ती वस्तू कशी जन्मली याच्यात मीच आहे. असं चालत नाही. मी जाऊन गाईडबाईंना सांगून टाकलं."

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला कोणी सांगायला सांगितलं होतं हो? आम्ही कोणी बोलणार नव्हतो. रफिकभाईंच्या गळ्यावर सुरी ठेवली तरी ते बोलले नसते. कोणाला कळणार होतं?"

"वहीत लिहिलंय ना," सर म्हणाले. त्यांच्या लेखी विषय तिथं संपला होता.

गाईडबाई रागावल्या म्हणे, खूप रागावल्या. मुदतवाढ शेवटची होती, तीही गेली. पण बाई शहाण्या असाव्यात. राग शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, मग आता असा विषय घ्या जिथं संशोधकानं बोलायचंच असतं. कामात हात घालायचा आणि मग लिहायचं. तशीही रीत असते म्हणे अभ्यासाची. पुन्हा नोंदणी, पुन्हा पहिल्यापासून. छप्पन्नाव्या वर्षी.

"मग करा की!"

"त्याला कंपनीचं पत्र लागतं," सर खिडकीकडं बघत म्हणाले. "आणि जुन्या वह्या कंपनीनं वाचून पानोपानी सही करून द्यायच्या असतात. तुमची काही गुपितं बाहेर जात नाहीत ना, यासाठी. एवढा त्रास तुम्हाला..."

"वह्या द्या," मी हात पुढं केला.

पाच वह्या होत्या. त्या घरी आणल्या आणि रविवारी सकाळी दारातल्या लिंबाखाली खाट टाकून वाचायला बसले. अक्षर सुरेख. तारीख, वेळ, कोण काय बोललं. 'साहेबांचा उसासा, लांब.' 'मॅडमनी पेन आपटला, आज तिसऱ्यांदा.' 'चष्मा डोक्यावर. शोध सुरू.' मी एकटीच हसत होते, सुमनताई लांबून बघत होत्या, हिला झालं काय म्हणून. आमची सगळी भांडणं, सगळी मूर्खपणाची बोलणी, जशीच्या तशी. कोणाला लहान केलेलं नव्हतं. एखादी गोष्ट मला सुचली असं मला वाटत होतं, ती तीन महिने आधी रफिकभाई बोलून गेले होते, तेही लिहिलेलं होतं. त्या पानावर मी सही जरा कुरकुरत केली.

आणि मधूनमधून खोडलेल्या ओळी. एकच सरळ रेघ, खालचं नीट वाचता येईल अशी. माझाच नियम! शेजारी कंसात बारीक अक्षरात कारण, 'विषयाशी संबंध नाही.'

पहिली मी सहज वाचली.

'आज खिडकीत चहा होता. माझ्यासाठी असावा.' खोडलेली.

पुढं, 'आज पंक्चरमुळं उशीर झाला. मॅडमनी विचारलं, सर, आज उशीर? कोणीतरी घड्याळ पाहिलं होतं.' खोडलेली.

'रफिकभाई डबा घेऊन घरी आले. पंगतीत माझी जागा धरून ठेवली होती म्हणाले. त्यांना बसायला दुसरी खुर्ची नव्हती.' खोडलेली.

'सुमनताईंची भाकरी. आईनंतर कोणी फडक्यात बांधून दिली नव्हती.' खोडलेली.

पानामागून पान. दोन वर्षांत जिथं जिथं हा माणूस स्वतः त्या वहीत आला होता, तिथं तिथं त्यानं स्वतःवर रेघ मारली होती. मी पदर डोळ्याला लावला. सुमनताई जवळ आल्या, काय झालं विचारायला लागल्या, मी म्हटलं काही नाही, मुंगळा चावला.

पाचव्या वहीच्या शेवटी, त्या पाण्याच्या बुधवारी, दोनच ओळी होत्या. 'आज बोललो. सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.' यावरही रेघ मारायला सुरुवात केलेली दिसत होती. पहिल्या शब्दावर पेन टेकवून उचललेला, शाईचा एक ठिपका. बस.

सोमवारी मी पत्र तयार केलं, साहेबांची सही घेतली आणि सरांना कंपनीत बोलावलं. सर आले, हात जोडले आणि कोपऱ्याकडं निघाले. कोपऱ्यात स्टूल नव्हतं. मी ते टेबलापाशी आणून ठेवलं होतं, रफिकभाईंच्या शेजारी. सर चाचपडत बसले. स्टूल कण्हलं.

मी वह्या पुढं सरकवल्या. सरांनी एकेक पान तपासलं. पानोपानी माझी सही होती, कोपऱ्यात, तारखेसकट. मग ते थांबले, मागं गेले, पुन्हा पुढं आले.

"मॅडम," ते म्हणाले, "या खोडलेल्या ओळींशेजारी तुमची सही राहिलीय."

"राहिली नाही."

"पण मग नियमानं..."

"नियम मला ठाऊक आहे सर, मीच केलाय. शेजारी सही नसेल तर रेघ मानायची नाही. जुनं तेच कायम. हवं तर रफिकभाईंना विचारा."

"हौ सर," रफिकभाई म्हणाले. "बिलकुल कायम. मैं भुगतेला हूं."

एवढा मोठा देह, पण वही बंद करायला सरांना फार वेळ लागला. तेवढ्यात कमलमावशी आल्या. पाच कप टेबलावर मांडले आणि सहावा हातात घेऊन खिडकीकडं वळल्या. मी म्हटलं, "मावशी, तिकडं कुठं? सर इथं बसलेत."